त्रास नसला तरी दाखवा

वाचकांचे प्रश्न : हाडं आणि सांधे

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. मी कराडची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६४. सतरा वर्षांपूर्वी, २००८ साली माझा उजवा खुबा बदलला. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचला होता. सिमेंट न लावता ठोकून बसवलेला सांधा आहे. गोळा आणि मांडीच्या हाडात शिरलेला त्याचा दांडा धातूचा, वाटीतलं अस्तर प्लास्टिकचं. इतक्या वर्षांत एक दिवस दुखला नाही. श्रावणी सोमवारी सदाशिवगडही चढते. परवा अंगणात शेवाळावरून घसरले म्हणून एक्स-रे काढला. मोडलं काही नव्हतं, पण तिथल्या तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "आजी, दांड्याच्या वरच्या अंगाचं हाड विरघळलंय." तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मुलगा म्हणतो, तेव्हा बसवलेला मालच खराब असणार. गड बंद केला, जिनाही कठड्याला धरून चढते. माझ्याकडच्या दोन जुन्या आणि एक नवी अशा तीन फिल्मचे आणि ऑपरेशनच्या कार्डाचे फोटो पाठवते. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का? हाड भरून येण्याचं इंजेक्शन असतं म्हणतात, ते घ्यावं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बाई, तुमची चित्रं मोबाइलवर पाहून भागणार नव्हतं. मोठ्या कागदावर छापून घेतली आणि २००८, २०१० आणि आताचं अशी टेबलावर ओळीने मांडली. जुन्या फिल्म तुम्ही जपून ठेवल्यात, हे फार मोठं काम केलंत. त्यांच्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर मी देऊच शकलो नसतो.

२००८ च्या चित्रात दांडा मांडीच्या हाडात जिथे शिरतो, तिथला आतल्या अंगाचा कोपरा बघा. सुताराने पटाशीने तासावा तसा धारदार आहे. २०१० मध्ये तोच कोपरा गोल झालाय, आठवडाभर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा, आणि त्याच्या खालची भिंतही फिकट दिसते. आता तिसरं चित्र बघा. कोपरा तितकाच गोल, भिंत तितकीच फिकट. पहिल्या दोन वर्षांत जे जायचं ते गेलं, आणि नंतरच्या पंधरा वर्षांत त्यात काहीही वाढलेलं नाही. दांड्याच्या खालच्या अर्ध्या भागात तर उलट दिसतं. हाड जाड होऊन धातूला बिलगलंय, दोघांच्या मधे काळी रेघ कुठेही नाही. याचा अर्थ दांडा घट्ट आहे.

त्या तरुण डॉक्टरांवर रागावू नका. त्यांच्यासमोर एकच फिल्म होती, आणि एका फिल्मवरून हाड 'गेलंय' एवढंच कळतं. ते कधी गेलं आणि अजून जातंय का, हे कळत नाही. 'विरघळलंय' हा शब्द मात्र मला खटकला. तुमच्या बाबतीत हाड विरघळलं नाही. त्याला काम उरलं नाही, म्हणून ते रोडावलं.

प्लास्टर काढल्यावर पोटरी कशी वाळलेली दिसते, ते शाळेतल्या पोरांचं तुम्ही पाहिलं असेल. हाडाचंही तसंच आहे. बर्लिनच्या यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला : हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते. अंतराळवीराच्या खुब्याचं हाड अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्का घटतं, कारण तिथे त्याला अंगाचं वजनच पेलावं लागत नाही.

तुमच्या मांडीत २००८ साली काय घडलं? आधी वजन गोळ्यातून हाडाच्या मानेत आणि मानेतून हाडाच्या भिंतीत उतरायचं. आता ते गोळ्यातून थेट धातूत जातं, दांड्यातून खाली सरकतं आणि दांडा जिथे हाडाला चिकटलाय तिथे हाडाच्या हवाली होतं. वरची भिंत नुसती उभी राहते. धातू हाडापेक्षा किती ताठर, हे पाहिलं की याचं नवल वाटत नाही. मांडीच्या घट्ट हाडाच्या मानाने टायटॅनियमचा मिश्रधातू साधारण सहापट आणि कोबाल्ट-क्रोम दहा-बारापट ताठर असतो. त्यातून जाडीचा हिशेब वेगळाच. गोल सळईचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बारा मिलिमीटरच्या जागी पंधराचा दांडा घातला तर जाडी सव्वापट होते, पण ताठरपणा जवळपास अडीचपट. तुम्ही पाठवलेल्या कार्डावर चिकटवलेला स्टिकर वाचला : कोबाल्ट-क्रोम, १५ मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत खरखरीत लेप. तुमच्या हाडाची पोकळी रुंद होती, म्हणून सर्जनने ती घट्ट भरेल असा जाड दांडा निवडला. दांडा घट्ट बसला आणि त्याची किंमत वरच्या हाडाने मोजली. आमच्या भाषेत याला 'स्ट्रेस शिल्डिंग' म्हणतात. भार धातूने अडवला, हाडापर्यंत पोचलाच नाही.

हे काही तुमच्या एकटीचं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातले सर्जन चार्ल्स एंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नेमक्या अशा दांड्यांचा अभ्यास छापला. जाड दांड्यांभोवती, विशेषतः साडेतेरा मिलिमीटर आणि त्याहून जाड, हे रोडावणं ठळक दिसलं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, आणि ज्यांचं हाड असं रोडावलं होतं त्यांचे दांडे इतरांपेक्षा जास्त सैल झाले नाहीत, त्यांचं दुखणंही वाढलं नाही.

मग लवचीक दांडा का नाही करत, असं चिरंजीव विचारतील. तोही करून झालाय. स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट मॅथिस यांनी १९७० च्या दशकात हाडाइतकाच लवचीक, प्लास्टिकचा दांडा आणला. कल्पना ऐकून कुणालाही पटावी अशी. पण लवचीक दांडा प्रत्येक पावलाला हाडाच्या आत सूक्ष्म हलत राहिला. दांडा आणि हाड यांच्यातली हालचाल साधारण चाळीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड त्याला धरतं. दीडशेच्या पुढे गेली की हाडाऐवजी मऊ चिवट पडदा तयार होतो आणि दांडा सुटतो. हे दांडे मोठ्या संख्येने सुटले. ताठर दांडा हाडाला बसवून खाऊ घालतो, लवचीक दांडा त्याला धरूच देत नाही. म्हणून आताचे बरेच दांडे टायटॅनियमचे, निमुळते, आणि खरखरीत लेप फक्त वरच्या भागाला असलेले असतात, म्हणजे वजन वरच्या वरच हाडात उतरतं. आज तुमचं ऑपरेशन करायचं असतं तर मीही तसाच निवडला असता. पण तुमचा माल खराब होता, असं मी म्हणणार नाही. सतरा वर्षं गड चढवणाऱ्या दांड्याला खराब कसं म्हणू?

इंजेक्शनचं असं आहे. अशी औषधं ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात दिली तर दांड्याभोवतीचं हाड थोडं जास्त टिकतं, असं घनतेच्या मोजणीत दिसतं. पण गोल होऊन गेलेला कोपरा त्याने परत टोकदार होत नाही. त्या एका कोपऱ्यासाठी इंजेक्शन नको. मात्र ६४ व्या वर्षी घसरून पडलात, तेव्हा दुसरा खुबा आणि कण्याची हाडाची घनता मोजून घ्या, ड जीवनसत्त्व तपासा. त्यात ठिसूळपणा निघाला तर औषध जरूर घ्या. ते सगळ्या अंगाच्या हाडांसाठी असेल.

गड चढा. तुमच्या हाडाला भारच हवा आहे. अंगणातलं शेवाळ मात्र आजच घासून काढा, कारण तुमच्या खुब्याला खरी भीती पडण्याची आहे. पातळ भिंतीचं हाड दांड्याभोवती मोडलं तर काम अवघड होतं. आणि आणखी एक गोष्ट लपवत नाही : असा सगळीकडून चिकटलेला दांडा कधी काढायची वेळ आलीच, तर हाडाला लांब खिडकी पाडून तो सोडवावा लागतो. ती वेळ आज तरी दिसत नाही.

आता फिल्मच्या ज्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तिकडे येतो. तुमचा गोळा वाटीच्या बरोबर मधोमध आहे का, हे मी पट्टीने मोजलं. छापील कागदावर मोजता येतं तेवढ्यापुरता तो मधोमध आहे. मी ते का मोजलं, त्यासाठी एक हकिकत सांगतो.

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार. त्यांचा खुबा मी १९९६ साली बदलला. तेव्हा त्यांची पन्नाशी नुकतीच उलटली होती. पुढे चौदा वर्षं त्यांनी बाग केली, छाटण्या केल्या, बेदाण्याच्या शेडवर रात्री काढल्या. दुखणं काही नाही, म्हणून माझ्याकडे आलेच नाहीत. २०१० मध्ये ट्रॅक्टरवरून उतरताना पाय टेकला आणि मांडीचं हाड मोडलं. फिल्म पाहून मी खुर्चीत बसलो. वाटीच्या मागे आणि दांड्याच्या वरच्या बाजूला काळे पोकळ कप्पे पडले होते, घुशीने बांध पोखरावा तसे. गोळा वाटीच्या मध्यावरून वर सरकला होता. ऑपरेशनमध्ये काढलेलं प्लास्टिकचं अस्तर मी धुऊन हातात घेतलं. एका बाजूने झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखं झालं होतं. खालची कड जशीच्या तशी आणि वरची इतकी पातळ, की पलीकडचं बोट धूसर दिसत होतं.

ते हाड मात्र खरंच खाल्लं गेलं होतं. माणूस एका पायाने वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला अस्तराचा कण-कण सुटतो, त्यातले बहुतेक मायक्रॉनपेक्षाही लहान. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या चिडतात, सूज आणणारी रसायनं सोडतात, आणि त्या हाकेला हाड खाणाऱ्या पेशी धावून येतात. याला ऑस्टिओलिसिस म्हणतात. आधी सगळ्यांना वाटलं, दोष सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटचा. १९८७ मध्ये त्याला 'सिमेंटचा आजार' असं नावही पडलं. पुढे सिमेंट न वापरलेल्या सांध्यांतही तेच कप्पे दिसू लागले आणि बोट प्लास्टिककडे वळलं.

खरं म्हणजे ही सूचना फार आधी मिळाली होती. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी १९५८ पासून टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. वरवर गुळगुळीत वाटणारं ते टेफ्लॉन दोन-तीन वर्षांत झिजलं आणि भोवती गाठी धरल्या. चार्नलींनी त्या पदार्थाचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले आणि तिथे गाठी झालेल्या पाहिल्या. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाटी वापरली, आणि तिच्यावर आजचा सांधा उभा आहे. फसलेल्या रुग्णांची ऑपरेशनं त्यांनी स्वतः पुन्हा केली. सर्जन म्हणून मी त्यांच्याकडून सर्वांत जास्त काय घेतलं असेल, तर हे.

बागायतदारांचा सांधा आम्ही हाडाचा भुगा भरून, लांब दांडा घालून पुन्हा उभा केला. ते काठी घेऊन चालतात, बाग मुलाकडे आहे. त्यांचं १९९६ चं कार्ड मी कपाटातून काढून पाहिलं. खाली माझ्या अक्षरात लिहिलं होतं : 'त्रास झाल्यास दाखवा.' चूक माझी होती. हे पोखरणं हाड मोडेपर्यंत दुखत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं, आणि तरी सवयीने मी तसं लिहिलं. वर्षाआड एक फिल्म काढली असती तर अस्तराची झीज दिसली असती, आणि वर्षाला दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त झीज दिसली की सावध व्हायचं असतं. त्या वेळी नुसतं अस्तर बदलून भागलं असतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कार्डावर लिहिलेलं असतं : 'त्रास नसला तरी दाखवा.'

तुमच्या स्टिकरवर अस्तर 'क्रॉस-लिंक्ड' पॉलिथिलीनचं असल्याची नोंद आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे आलं. किरणांचा मारा करून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतवलेल्या असतात, त्यामुळे जुन्यापेक्षा ते फार कमी झिजतं. तुमचा गोळा मधोमध राहिला, तो यामुळेच. वर्षा-दोन वर्षांनी तुमच्या सर्जनला फिल्म दाखवत जा. चालायला सुरुवात करताना मांडीत कळ आली, पाय आखूड वाटला, लंगड आली किंवा खुबा दुखून ताप आला, तर दोन दिवसही थांबू नका. आणि आजपासून झोपा.

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची, खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर सिमेंटचा सांधा बसवायचा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, सिमेंट जुनं झालं, मुंबईला नेऊन बिनसिमेंटचा बसवा. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : डॉक्टरांचं ऐका, आणि प्रवासात दिवस घालवू नका. या वयात बहुतेक बायकांच्या मांडीचं हाड पावसाळी नळासारखं होतं : पोकळी रुंद, भिंत पातळ. त्यात दांडा ठोकून बसवताना किंवा पुढच्या काही महिन्यांत भिंत तडकण्याचा धोका असतो. युरोपातल्या सांध्यांच्या नोंदवह्यांतही वयस्कर बायकांमध्ये सिमेंटच्या दांड्यांभोवती अशी मोडतोड कमी दिसते. सिमेंट जुनं आहे, पण हाडाच्या मानाने ते पुष्कळ मऊ असतं आणि भार चहूबाजूंना पसरवतं.

या दांड्यांच्या घडणीतली एक गोष्ट मला कायम विलक्षण वाटत आलीय. इंग्लंडच्या एक्सिटर शहरात रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० साली निमुळता, आरशासारखा चकचकीत दांडा केला. १९७६ मध्ये त्याच आकाराचा दांडा खरखरीत केला गेला. सिमेंट जास्त घट्ट धरेल, असं कुणालाही वाटावं. झालं उलटं : खरखरीत दांडे जास्त सैल झाले, भोवतीचं हाडही जास्त गेलं. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये पाचरीसारखा मिलिमीटरभर खाली रुततो आणि घट्ट होतो. खरखरीत दांडा रुतत नाही, घासतो आणि सिमेंटचा चुरा करतो. १९८६ मध्ये ते परत चकचकीत दांड्याकडे वळले, आणि तोच घाट आजही जगभर वापरला जातो. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की दांडा पॉलिश केलेला, निमुळता आहे ना. सिमेंट भरताना क्वचित रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञांना आईच्या हृदयाची सगळी जुनी कागदपत्रं आधी दाखवा.

प्रश्न : वडिलांचा खुबा २००९ मध्ये बदलला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या घरात पाणी शिरलं, त्यात फिल्म आणि फाइल गेली. गाळातून काढून फिल्म धुतल्या तर चित्राचा थरच सुटून आला. कोणता सांधा आहे, तेही माहीत नाही. वडिलांना त्रास नाही. आता तुलना कशाशी करायची?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी माझ्या दवाखान्याच्या तळघरात शिरलं, तेव्हा मीही अशाच फिल्म दोरीवर वाळत घातल्या होत्या. धुऊ नका, थर सुटतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

आज फिल्म काढा आणि तिलाच पहिली समजा. एका वर्षाने दुसरी काढा. या दोन फिल्म शेजारी ठेवल्या की हाड जागच्या जागी आहे की जातंय, ते कळेल. ऑपरेशन जिथे झालं तिथे लेखी अर्ज करून ऑपरेशनची नोंद आणि सांध्याचे स्टिकर मागा. प्रत्येक भागाच्या खोक्यात स्टिकर असतात आणि त्यातला एक रुग्णाच्या नोंदीत चिकटवायचा असतो. तुमच्या बाबतीत हे तातडीचं आहे, कारण २००९ हे साल. त्या काळात धातूच्या वाटीत धातूचा गोळा फिरणारे सांधे आपल्याकडेही बसवले जात होते. त्यातली एक रचना २०१० मध्ये जगभरातून परत मागवावी लागली, आणि पुढे आपल्या केंद्र सरकारलाही रुग्णांच्या भरपाईचं सूत्र ठरवावं लागलं. असा सांधा निघाला तर त्रास नसतानाही रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासावं लागतं. नोंद मिळालीच नाही, तर अनुभवी सर्जन फिल्मवरच्या आकारावरून बराचसा सांधा ओळखू शकतात.

फिल्म काढताना तंत्रज्ञांना आधीच सांगा : कमरेचा समोरून एक फोटो, आणि दुसरा बाजूने. दोन्हीत दांडा खालच्या टोकापर्यंत आणि त्याखाली चार बोटं हाड दिसलं पाहिजे. नेहमीचा कमरेचा फोटो दांड्याच्या मध्यावरच कापला जातो, आणि पाहायचं असतं ते नेमकं त्याच्या खाली असतं. फिल्मबरोबर सीडी मागा, तिची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा, आणि एक पुण्या-मुंबईला राहणाऱ्या कुणा नातेवाइकाकडे पाठवून द्या.